भूचुंबकीय वादळातील विषुववृत्तीय आयनांबराचे प्रारूप कसे चालवावे

चुंबकीय विषुववृत्ताजवळच्या आयनांबराचे, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचे, संगणकीय प्रारूप शांत दिवशी नीट चालते आणि भूचुंबकीय वादळात (सौर वाऱ्यामुळे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ढवळते तेव्हा) फसते, तेव्हा दोष बहुधा एकाच ठिकाणी सापडतो: प्लाझ्माला (विद्युतभारित कणांच्या वायूला) वर उचलणारे पूर्व-पश्चिम विद्युतक्षेत्र आपण अनेक वर्षांच्या सरासरीवरून घेतलेले असते. सरावासाठी 17 मार्च 2015 चे वादळ निवडावे आणि भारताच्या रेखांशावर सॅमी-2 हे खुले प्रारूप चालवावे.

सुरुवात 15 मार्चपासून करावी. पहिल्या 24 तासांचे निष्कर्ष आरंभीच्या गृहीतकांनी दूषित असतात, म्हणून ते टाकून द्यावेत. 16 तारीख तुलनेसाठी हाती राहते. उदासीन वायूंसाठी एमसिस हे वातावरणाचे प्रारूप वापरताना एपी या भूचुंबकीय खळबळीच्या निर्देशांकाची दैनिक सरासरी न देता तीन-तीन तासांचा इतिहास द्यावा. त्यासाठी एमसिसमधील नववा स्विच (पर्याय निवडणारा आकडा) उणे 1 ठेवावा लागतो.

आता विद्युतक्षेत्र. सौर वाऱ्याचा वेग सेकंदाला 600 किलोमीटर आणि चुंबकीय क्षेत्राचा दक्षिणाभिमुख घटक 20 नॅनोटेस्ला धरला, तर आंतरग्रहीय विद्युतक्षेत्र मीटरला 12 मिलिव्होल्ट येते. त्याचा सुमारे 7 टक्के हिस्सा, म्हणजे 0.8 मिलिव्होल्ट, विषुववृत्तापर्यंत झिरपला असे मानू. तेथील 35,000 नॅनोटेस्ला क्षेत्राने भागल्यास प्लाझ्माचा उर्ध्वगामी वेग सेकंदाला सुमारे 23 मीटरने वाढतो, म्हणजे शांत दिवसाचा दुपारचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. ही भर सरासरी वेगात दिवसा आणि सूर्यास्ताच्या सुमारास मिळवावी, उत्तररात्री वजा करावी. काही तासांनी ध्रुवप्रदेशाकडून तापलेले वारे उलट दिशेचे क्षेत्र उभे करतात. तो परिणाम दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो, त्यामुळे झिरपलेले आणि वाऱ्यांचे अशी दोन्ही क्षेत्रे वेगळी लिहूनच बेरीज करावी.

दिवसाचा पडताळा घेण्यासाठी तिरुनेलवेलीच्या चुंबकीय नोंदीतून अलिबागची नोंद वजा करावी. तिरुनेलवेली इलेक्ट्रोजेटच्या (चुंबकीय विषुववृत्तावर दिवसा आयनांबरात वाहणाऱ्या तीव्र विद्युतप्रवाहाच्या) खाली आहे, अलिबाग त्याच्या बाहेर. वलयप्रवाहाचा (वादळात पृथ्वीभोवती दूरवर वाहणाऱ्या प्रवाहाचा) परिणाम दोन्हीकडे जवळपास सारखा असल्याने वजाबाकीत तो निघून जातो आणि उरते ते मुख्यतः इलेक्ट्रोजेटचे बळ. मात्र ही युक्ती रात्री चालत नाही, कारण सूर्य मावळताच इलेक्ट्रोजेट वाहतो त्या आयनांबराच्या खालच्या थराची वाहकता ढासळते. या वादळात तर क्षेत्र भारतात सूर्यास्ताच्या आसपासच जोरात वाढले होते, म्हणून संध्याकाळसाठी आयनोसोंडने (रेडिओ लहरी वर पाठवून प्रतिध्वनी टिपणाऱ्या यंत्राने) मोजलेली एफ थराची, म्हणजे आयनांबराच्या वरच्या, सर्वांत दाट थराची, उंचीच ग्राह्य धरावी. सॅमी-2 एकाच चुंबकीय रेखावृत्ताच्या प्रतलात चालत असल्याने त्यात प्लाझ्मा बुडबुडे (सूर्यास्तानंतर थरात वर चढणारे विरळ प्लाझ्माचे पट्टे) शोधू नयेत. थर किती वर गेला, एवढेच पाहावे.

शेवटी बंगळूर, हैदराबाद आणि लखनौ येथील जीएनएसएस (जीपीएससारख्या उपग्रह दिशादर्शनाच्या) संग्राहकांवरून एकूण इलेक्ट्रॉन संख्या, म्हणजे उपग्रहापर्यंतच्या स्तंभातील इलेक्ट्रॉन, काढून तुलना करावी. 18 मार्चला उत्तरेकडील शिखर (चुंबकीय विषुववृत्ताच्या उत्तरेला इलेक्ट्रॉन सर्वाधिक असलेला पट्टा) क्षीण होऊन विषुववृत्ताकडे सरकले पाहिजे. प्रारूपात ते जागीच राहिले, तर वाऱ्यांनी उभ्या केलेल्या क्षेत्राचा आरंभ काही तास अलीकडे-पलीकडे करून पुन्हा चालवावे.