रिफंड आल्या वाटेनेच परत करा

ऑनलाइन विक्री करताना खरेदीदाराचा मेसेज येतो, 'वस्तू परत पाठवतोय, पण ते कार्ड बंद झालंय, पैसे या दुसऱ्या खात्यात टाका.' मागणी साधी वाटते, माणूसही गोड बोलत असतो. तरीही टाकू नका. पार्सल बांधणं, कुरिअर लावणं तुम्हाला येतंच. नवा विक्रेता बुडतो तो इथे, म्हणून हे सविस्तरच सांगायला हवं.

कार्डाने भरलेल्या पैशावर खरेदीदार स्वतःच्या बँकेकडे हरकत घेऊ शकतो. हाच चार्जबॅक, आणि बऱ्याच कारणांसाठी त्याची मुदत 120 दिवसांपर्यंत असते. तुम्ही दुसऱ्या खात्यात पैसे पाठवलेत आणि महिन्याभराने त्याने हरकत घेतली, तर बँकेला मूळ व्यवहारावर रिफंड दिसतच नाही. ती रक्कम तुमच्याकडून कापली जाते, वर चार्जबॅकची फी लागते. वस्तू एकच, पैसे दोनदा गेले. तुमच्याकडचा ट्रान्सफरचा स्क्रीनशॉट तिथे फारसा टिकत नाही, कारण ते खातं त्याच माणसाचं आहे हे सिद्ध करायचं ओझंही तुमच्यावर येतं.

याच सापळ्याचा दुसरा प्रकार म्हणजे कोणी जास्त रक्कम भरतो आणि 'चुकून जास्त गेली, वरचे इकडे पाठवा' म्हणतो. कार्ड चोरीचं असेल तर पुढे खरा मालक हरकत घेतो आणि तुमची मूळ रक्कमही जाते, वरचे पाठवलेले पैसेही. अशी ऑर्डर पूर्णच रद्द करा, आलेली सगळी रक्कम त्याच व्यवहारातून परत करा.

म्हणजे करायचं इतकंच: पेमेंट गेटवेच्या (तुमच्यासाठी कार्डाचे पैसे घेणारी सेवा) डॅशबोर्डवर मूळ व्यवहार उघडायचा आणि तिथलंच रिफंडचं बटण दाबायचं. कार्ड बंद असलं तरी. बँक सहसा तो पैसा ग्राहकाच्या नव्या कार्डावर किंवा खात्यावर वळवते. नाहीच जमलं तर रिफंड फेल होऊन तुमच्याकडे परततो. ती फेल झाल्याची नोंद हातात आली की मगच दुसरा मार्ग, तोही खरेदीदाराची लेखी संमती घेऊन.

आणि बटण दाबण्याआधी त्या व्यवहारावर डिस्प्यूट, म्हणजे खरेदीदाराची बँकेकडची हरकत, लागलाय का ते बघा. लागला असेल तर घाबरून वेगळा रिफंड देऊ नका. एकतर डिस्प्यूट मान्य करा, नाहीतर मुदतीत पुरावे देऊन लढा. उत्तराची मुदत थोडक्या दिवसांची असते आणि ती चुकली की बाजू खरी असूनही हरता.

धीर धरा, बहुतेक खरेदीदार प्रामाणिक असतात. ते हरकत घेतात ती पैसे दिसत नाहीत म्हणून. कार्डावर रिफंड दिसायला साधारण 5 ते 10 कामाचे दिवस लागतात. रिफंड दिल्या दिवशीच हे कळवा आणि गेटवेकडून मिळणारा 23 अंकी एआरएन (त्या रिफंडचा संदर्भ क्रमांक) सोबत द्या. त्यावरून त्याची बँक रक्कम शोधू शकते. पेमेंटनंतर लगेच रिफंड दिला असेल तर कधीकधी स्टेटमेंटमध्ये वेगळी जमा दिसत नाही, मूळ खर्चच नाहीसा होतो. हेही एका ओळीत सांगून टाका, अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

आलेलं पार्सल कॅमेऱ्यासमोरच उघडा, व्हिडिओ मध्ये न थांबवता. आधी लेबल, मग खोक्याच्या सहाही बाजू, वजनकाट्यावरचा आकडा, टेप कापणं, शेवटी वस्तू आणि तिचा सिरीयल नंबर. पण जुळवायचं कशाशी? म्हणून पाठवतानाच सिरीयल नंबर आणि कुरिअरचं लेबल एकाच फोटोत घेतलेलं हवं. हा फोटो नसेल तर परत आलेल्या पार्सलच्या व्हिडिओला अर्धीच किंमत उरते.

'रिटर्न येऊच देऊ नका, मेसेजला उत्तर देऊ नका' असं शिकवणारे गुरू बरेच भेटतील. त्यांचं ऐकू नका. रिटर्नची दारं बंद केली की ग्राहक थेट बँकेकडे जातो, आणि चार्जबॅक रिटर्नपेक्षा महाग पडतो. हलक्या किमतीची वस्तू परत आणण्याचा खर्च तिच्या किमतीहून जास्त असेल तर ती त्याच्याकडेच राहू द्या आणि पैसे द्या.

हिशेबात एक गोष्ट धरा: रिफंड पूर्ण दिला तरी गेटवेची मूळ फी बहुधा परत मिळत नाही. 'साइज बसला नाही' हे कारण एकाच वस्तूवर तीन-चारदा आलं तर माप टेपने पुन्हा घ्या आणि वर्णनात सेंटीमीटरमध्ये टाका.

परत आलेला माल तपासल्याशिवाय स्टॉकमध्ये चढवू नका. त्यासाठी वेगळं खोकं ठेवा, वर ऑर्डर नंबर आणि कारण लिहा. सिस्टीमने आपोआप स्टॉक वाढवायची सोय चालू असेल तर ती बंद करा, नाहीतर तीच बिघडलेली वस्तू पुढच्या ग्राहकाकडे जाते.