मिनी ट्रॅक्टर कसा निवडावा: एचपीच्या आधी वजन बघा

ट्रॅक्टर घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, "किती एचपीचा घेऊ?" सल्ला देणारेही लगेच आकडा सांगून मोकळे होतात. जमीन किती, एवढंच विचारतात आणि त्यावरून एचपी ठरवतात. ही पद्धत चुकीची आहे. दोन एकर मोकळं रान आणि दोन एकर दाट बाग, क्षेत्र एकच असलं तरी ट्रॅक्टर वेगवेगळा लागतो. म्हणून क्रम उलटा धरा: आधी काम, मग अवजार, मग अवजाराचं वजन, आणि सगळ्यात शेवटी ट्रॅक्टर.

अवजारांची यादी करा. वर्षभरात खरोखर लागणारी तीन-चार अवजारं लिहा. "कधीतरी लागेल" ती अवजारं भाड्याने आणता येतात, त्यांच्यासाठी मोठा ट्रॅक्टर घेऊ नका.

रुंदी मोजा. टेप घेऊन रानात जा. दोन ओळींमधलं अंतर खोडापासून नाही, फांद्यांच्या टोकापासून मोजा, तेही झाडं पूर्ण वाढलेली असताना. ट्रॅक्टर आणि अवजार यांत जे जास्त रुंद असेल, त्याच्या दोन्ही बाजूंना वीतभर तरी जागा सुटली पाहिजे. रोटाव्हेटर मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडेइतका तरी रुंद हवा, नाहीतर चाकांनी दाबलेली माती तशीच कडक राहते. मागची चाकं आत-बाहेर करता येतात का, हेही विचारा.

आता एचपी. रोटाव्हेटरला रुंदीच्या एका फुटाला साधारण पाच एचपी धरा. माती भारी असेल तर थोडं जास्त. हे पाच एचपी पीटीओवर, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्यावर, मिळायला हवेत. माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात असते ती इंजिनची ताकद. पीटीओपर्यंत त्यातली साधारण 80 ते 90 टक्केच पोचते. चार फुटी रोटाव्हेटरला 20 पीटीओ एचपी लागते, म्हणजे इंजिन 23–25 एचपीचं हवं.

पीटीओबद्दल आणखी एक. बहुतेक अवजारं मिनिटाला 540 फेऱ्यांची असतात, ते जुळतंच. पण पीटीओला स्वतंत्र किंवा डबल क्लच आहे का, ते नक्की बघा. साध्या सिंगल क्लचमध्ये क्लच दाबला की चाकं आणि अवजार दोन्ही एकदम इंजिनपासून सुटतात. गवत कापणाऱ्या स्लॅशरची पाती मात्र वजनाने फिरतच राहतात आणि उलट ट्रॅक्टरलाच पुढे ढकलतात. तुम्ही क्लच दाबलेला असतो आणि ट्रॅक्टर थांबत नाही. असा ट्रॅक्टर घ्यावाच लागला, तर पीटीओवर ओव्हररनिंग क्लच (अवजाराची ताकद उलटी ट्रॅक्टरकडे येऊ न देणारा) बसवल्याशिवाय स्लॅशर जोडू नका.

वजनाचा तोल. इथे घाई करू नका. मी चुकलो ते इथेच.

माझा पहिला ट्रॅक्टर मी हायड्रॉलिकची, म्हणजे अवजार उचलायची, क्षमता वाचून घेतला. कागदावर साडेसातशे किलो होती आणि माझा रोटाव्हेटर दोनशे किलोचा. मला वाटलं, प्रश्नच नाही. पहिल्याच दिवशी ओळीच्या टोकाला रोटाव्हेटर उचलला, बांधाजवळच्या लहानशा चढावर वळायला स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलं. पुढची चाकं डावीकडे वळली, ट्रॅक्टर मात्र सरळच गेला. चाकांखाली मातीच नव्हती. चार बोटांचं अंतर असेल, पण तेवढं पुरलं. घाबरून ब्रेक न दाबता मी रोटाव्हेटर खाली सोडला, म्हणून पुढची चाकं टेकली. त्या बाजूला कोणी उभं असतं तर काय झालं असतं, हा विचार अजून पाठ सोडत नाही.

हायड्रॉलिकने उचललं म्हणजे ट्रॅक्टरला पेललं असं नाही. उचलण्याची क्षमता आणि पुढच्या चाकांवर उरलेलं वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट माहितीपत्रकात सापडत नाही. क्षमतेचा आकडाही बहुधा लोअर लिंकच्या (अवजार जोडायच्या खालच्या दोन दांड्यांच्या) टोकाशी मोजलेला असतो. अवजाराचं वजन त्या टोकाच्या मागे असतं आणि जितकं मागे, तितकी क्षमता कमी होते. भरलेली बादली अंगाशी धरून बघा आणि मग हात लांब करून धरा, तसंच आहे हे.

गणित सोपं आहे, स्वतः करा. समजा ट्रॅक्टर 700 किलोचा, त्यातले 280 किलो पुढच्या चाकांवर, आणि पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर दीड मीटर. रोटाव्हेटर 200 किलोचा, त्याचा मध्य मागच्या आसापासून 1.2 मीटर मागे. 200 गुणिले 1.2 म्हणजे 240, त्याला दीडने भागलं की 160. रोटाव्हेटर उचलल्याबरोबर पुढच्या चाकांवरचे 160 किलो कमी होतात आणि उरतात 120. पुढच्या आसावर ट्रॅक्टरच्या रिकाम्या वजनाच्या निदान 20 टक्के भार राहिलाच पाहिजे, म्हणजे इथे 140 किलो. हा ट्रॅक्टर सपाट जमिनीवरच कमी पडला, चढावर तर आणखी हलका होणार.

उपाय आहे: पुढची वजनं. पुढच्या आसाच्या अर्धा मीटर पुढे 40 किलो लावले तर चाकांवर 53 किलो वाढतात आणि भार 173 वर जातो. म्हणून पुढे वजनं अडकवायचा बंपर आहे का आणि त्यावर किती वजन चालतं, हे सौद्याआधी विचारा.

इथे एक वाईट सल्ला हमखास मिळतो: "मागच्या टायरमध्ये पाणी भर, ट्रॅक्टर बसून राहील." पाण्याने मागच्या चाकांची पकड वाढते, हे खरं. पण ते वजन मागच्या आसावरच पडतं, पुढची चाकं त्याने एक किलोनेही जड होत नाहीत. नाक उचलणाऱ्या ट्रॅक्टरला हा सल्ला देऊ नका आणि ऐकूही नका. पुढे लोडर (माती-खत उचलायचं खोरं) बसवला असेल तर गोष्ट उलटी होते: तेव्हा मागे वजन लागतं, आणि तिथे टायरमधलं पाणीही उपयोगी पडतं.

गणितावर भरवसा नसेल तर वजनकाट्यावर जा. अवजार जोडा, उचला, आणि फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या. विकणारा याला तयार नसेल तर दुसरीकडे बघा.

जोडणी. अवजार जोडायच्या जोडणीची ठरलेली मापं असतात. या आकाराच्या ट्रॅक्टरना बहुधा कॅटेगरी 1 असते, तिची लोअर लिंकची पिन 22 मिलिमीटरची. अगदी लहान ट्रॅक्टरना 16 मिलिमीटरची कॅटेगरी 0 येते, तिला अवजारं कमी मिळतात.

चारही चाकं ओढणारा की दोन? ओल, उतार किंवा लोडर असेल तर फोर व्हील ड्राइव्ह. सपाट, कोरड्या, अरुंद बागेत टू व्हील ड्राइव्ह सहसा कमी जागेत वळतो.

गिअर. पीटीओ 540 वर असताना सगळ्यात लहान गिअरमध्ये वेग ताशी दोन-तीन किलोमीटरच्या आत यायला हवा. रोज लोडरचं किंवा गवत कापायचं काम असेल तर हायड्रोस्टॅटिक (गिअर न बदलता तेलाच्या दाबावर चालणारा) घ्या, ओढकाम असेल तर साधे गिअरच बरे.

सुरक्षा दांडा. सीटमागचा लोखंडी दांडा आणि सीटबेल्ट यांशिवाय ट्रॅक्टर घेऊ नका. दांडा उभा असताना बेल्ट बांधायचा, दुमडलेला असताना नाही. आणि काहीही ओढायचं तर खालच्या ड्रॉबारलाच (ओढायच्या पट्टीलाच) अडकवा. मागच्या आसाच्या वर साखळी बांधली की ट्रॅक्टर मागे उलटू शकतो, आणि तो इतक्या लवकर उलटतो की उडी मारायला वेळ मिळत नाही.

चालवून बघा. विक्रेत्याच्या सिमेंटच्या अंगणात नाही, स्वतःच्या रानात, सगळ्यात ओल्या कोपऱ्यात, अवजार जोडून. ओळीच्या टोकाला अवजार उचलून वळा आणि स्टिअरिंग हलकं पडतं का ते हाताला जाणवू द्या. ते नेहमीपेक्षा सैल वाटलं तर चाकं माती सोडत आहेत.

घरी आणल्यावर पहिल्या आठ-दहा तासांच्या कामानंतर चारही चाकांचे नट पुन्हा आवळा.