बेरीज शून्य का येत होती

नवी मुंबईत महापेतल्या पहिल्या नोकरीत मला दिलेलं काम किरकोळ वाटत होतं. 12 महिन्यांच्या 12 सीएसव्ही फायली (स्वल्पविरामांनी आकडे वेगळे केलेल्या साध्या फायली) नोडमध्ये, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, वाचायच्या आणि एकूण बेरीज वेगळ्या फाइलमध्ये लिहायची. फाइल वाचणाऱ्या रीडफाइल या फंक्शनला पाथ (फाइलचा पत्ता), एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) आणि शेवटी कॉलबॅक, म्हणजे काम झाल्यावर चालवायचं फंक्शन, द्यायचा, एवढं मला येत होतं. तरी चार दिवस बेरीज शून्यच.

रीडफाइल फाइल वाचून होईपर्यंत थांबत नाही. वाचायचं काम सोपवते आणि लगेच परत येते. कॉलबॅकची पाळी येते ती हातातला सगळा कोड संपल्यावर. फाइलमध्ये एकच अक्षर असलं, तरी खालच्या ओळी आधी चालणार. यादीतल्या प्रत्येकासाठी तेच काम करणाऱ्या माझ्या फोरईचने 12 फायली मागवल्या, खालच्या ओळीने बेरीज लिहिली, आणि त्यानंतर कुठे पहिली फाइल हातात आली. बेरीज बाहेर पाठवायला कॉलबॅकमध्ये रिटर्न लिहून बघितलं, पण ते घ्यायला बाहेरचं फंक्शन उरलेलंच नसतं. ते केव्हाच संपलेलं असतं.

एका सीनिअरने सांगितलं, सेटटाइमआउट लाव, दोन सेकंदांनी लिही. माझ्या लॅपटॉपवर आकडा बरोबर आला. सर्व्हरवर मात्र फायली नेटवर्कवरच्या डिस्कवर होत्या, दोन सेकंदांत नऊच वाचून झाल्या आणि चुकीची बेरीज हिशेबात गेली. कुठेही एरर नाही. हा उपाय कधीही करू नका. शून्य निदान डोळ्यांत खुपतं, जवळपास बरोबर दिसणारा आकडा कुणीच तपासत नाही.

मला सोडवलं ते टेस्टिंगमधल्या एका ताईंनी, घणसोलीच्या फलाटावर. म्हणाल्या, "कोड कागदावर लिही आणि कुठली ओळ कितवी चालते ते नंबर टाक." नंबर टाकताना बेरीज लिहिणारी ओळ कॉलबॅकच्या आधी आलेली दिसली. तुमच्या हातून कीबोर्ड ओढून घेणाऱ्या सीनिअरपेक्षा असं विचारणारं माणूस शोधा.

उपाय साधा आहे. 'बाकी' नावाचं व्हेरिएबल 12 वर ठेवा. प्रत्येक कॉलबॅकमध्ये आधी एरर तपासा, नसेल तर बेरजेत भर घाला, आणि दोन्ही वेळी बाकी एकने कमी करा. ती शून्य झाली की तिथेच, कॉलबॅकच्या आत, निकाल लिहा. एरर आल्यावर बाकी कमी करायला विसरलात, तर प्रोग्राम काहीही न लिहिता निमूट संपतो. आणि एकही फाइल चुकली असेल तर बेरीज लिहू नका, चुकलेल्या फाइलचं नाव लिहा.

क्रमावरही विसंबू नका. फायली वाचायला मागे मुळात 4 थ्रेड, म्हणजे एकाच वेळी काम करणारे हात, असतात, लहान फाइल आधी परतू शकते. क्रम हवा तर निकाल अरेमध्ये (यादीत) इंडेक्सने, म्हणजे त्या फाइलच्या क्रमांकाच्या जागी, ठेवा.

आता असिंक-अवेट, म्हणजे कॉलबॅक न लिहिता निकालाची वाट बघायची सोय, आहे, मग हे कशाला, असं वाटेल. पण फोरईच अवेटसाठी थांबत नाही, तिथेही बेरीज शून्यच येते. तशी आली तर घाबरू नका, तुम्हाला कोड जमत नाही असा त्याचा अर्थ नाही. कागद घ्या आणि ओळींना नंबर टाका.