विंडोज शाबूत ठेवून शेजारी लिनक्स कसं बसवायचं

ड्युअल बूट (एकाच मशीनवर दोन सिस्टिम) करताना लिनक्सचा इन्स्टॉलर सहसा दगा देत नाही. अर्ध्या-पाऊण तासात तो आपलं काम उरकतो. घोळ होतो तो त्याच्या आधी, विंडोजच्या बाजूला. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालूच राहतं, फास्ट स्टार्टअप बंद केलेलं नसतं, डिस्क भलत्याच मोडमध्ये असते, आणि खापर मात्र लिनक्सवर फुटतं. म्हणून इथे पेनड्राइव्ह लावण्याआधीच्या कामांवर जास्त भर आहे. उदाहरण लिनक्स मिंट २२ या लिनक्सच्या एका प्रकाराचं आहे. उबुंटूची पूर्वतयारी हीच, फक्त इन्स्टॉलरचे पडदे वेगळे दिसतील.

आधी ठरवा, ड्युअल बूट हवं कशाला? कॉलेजच्या प्रॅक्टिकलपुरतं लिनक्स लागत असेल तर विंडोजमधलं डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) पुरेसं आहे, डिस्कला हात लावायची गरज नाही. सिस्टिम अ‍ॅडमिन किंवा डेव्हऑप्सच्या नोकरीकडे डोळा असेल तर मात्र ते अपुरं पडतं. त्यात कर्नल (लिनक्सचा गाभा) खरा असतो, पण मशीन बूट कसं होतं, पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) माउंट का होत नाही, म्हणजे सिस्टिमला का जोडलं जात नाही, ड्रायव्हर लोड का होत नाही, हे सगळं झाकलेलं राहतं. आणि शिकायचं असतं नेमकं तेच. याउलट टॅली किंवा ऑटोकॅडवर ज्यांचं पोट आहे त्यांनी विंडोज उडवण्याच्या भानगडीत पडू नये. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा लॅपटॉपवर इंटरनेटची कामं लिनक्समध्ये आणि टॅली विंडोजमध्ये, ही वाटणी चांगली चालते.

कोणतं लिनक्स घ्यावं या वादात संध्याकाळ घालवू नका. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. ८ जीबी रॅम असेल तर सिनॅमन डेस्कटॉपची आवृत्ती घ्या, ४ जीबी असेल तर हलक्या एक्सएफसीई डेस्कटॉपची. रेड हॅट या लिनक्स कंपनीची आरएचसीएसए (सिस्टिम अ‍ॅडमिनची) परीक्षा द्यायची असेल तर एक लक्षात ठेवा: मिंट हे डेबियनच्या घराण्यातलं. सॉफ्टवेअर बसवायला इथे एपीटी, तिथे रेड हॅटकडे डीएनएफ. परीक्षा प्रत्यक्ष मशीनवर कामं करून द्यायची असते, त्यामुळे हाताला सवय तिकडचीच हवी. त्यासाठी मिंटमध्ये व्हर्च्युअल मशीन (मशीनच्या आतलं आभासी मशीन) करून त्यात रेड हॅटसारखंच असलेलं अल्मा किंवा रॉकी लिनक्स टाका. ग्राफिकल डेस्कटॉप नको असेल तर २ जीबी रॅम आणि २० जीबी डिस्क त्याला पुरते.

विंडोजमधली कामं

बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर कॉपी करणं म्हणजे बॅकअप नव्हे.

मग सेटिंग्जमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन शोधा. "मी तर कधी चालू केलंच नाही" यावर विसंबू नका. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर ते आपोआप चालू झालेलं असतं. खात्यात जाऊन ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. फोटो काढलात तर तो दुसऱ्या उपकरणावर ठेवा. नंतर एन्क्रिप्शन बंद करा आणि डिक्रिप्शन पूर्ण होईपर्यंत थांबा. मोठ्या डिस्कला तास-दोन तास लागू शकतात. हे न करता बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) बदल केले तर पुढच्या वेळी विंडोज निळ्या पडद्यावर ती की मागतं. की नसेल तर डेटा गेला. काम झाल्यावर एन्क्रिप्शन पुन्हा चालू करता येतं, पण मग ग्रबमधून (कोणती सिस्टिम सुरू करायची ते विचारणाऱ्या लिनक्सच्या मेनूतून) विंडोज सुरू करताना की मागितली जाऊ शकते. तेव्हा लॅपटॉपच्या बूट मेनूतून थेट विंडोज निवडा.

फास्ट स्टार्टअप हे दुसरं. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटणांचं काम ठरवणारी लिंक, आणि तिथली फास्ट स्टार्टअपची खूण काढा. खूण फिकट दिसत असेल तर आधी वरची 'सध्या उपलब्ध नसलेल्या सेटिंग्ज बदला' ही लिंक दाबावी लागते. ते चालू असताना 'शट डाउन' म्हणजे अर्धवट हायबरनेशन असतं. सी ड्राइव्ह उघड्या अवस्थेत राहतो आणि लिनक्स तो फक्त वाचण्यापुरता उघडतं, किंवा उघडतच नाही.

आता जागा. विंडोज आणि एक्स एकत्र दाबून डिस्क मॅनेजमेंट उघडा, सी वर राइट क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम. ६० जीबी द्यायचे तर आकडा ६१४४० टाका, कारण तिथे एमबी विचारतात. मोकळी झालेली जागा तशीच 'अनअलोकेटेड' सोडा, तिचा नवा ड्राइव्ह करू नका. डिस्कवर भरपूर जागा असूनही थोडीच सुटत असेल तर न हलणाऱ्या फायली आड येत असतात: पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, रिस्टोअर पॉइंट. हे तिन्ही तात्पुरते बंद करा, रीस्टार्ट करा, पुन्हा पाहा. सी लहान करायचं काम लिनक्सच्या इन्स्टॉलरवर सोपवू नका.

शेवटी सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये 'बायोस मोड' काय आहे ते पाहून ठेवा, यूईएफआय (मशीन सुरू होण्याची नवी पद्धत) की लेगसी (जुनी). पेनड्राइव्हही त्याच मोडमध्ये बूट झाला पाहिजे.

पेनड्राइव्ह आणि डिस्क न दिसण्याची भानगड

८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. आयएसओ (मिंटची इन्स्टॉलची फाइल) उतरवल्यावर त्याचा एसएचए२५६ चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का ते सांगणारा आकडा) मिंटच्या साइटवरच्या आकड्याशी ताडून पाहा. अर्धवट उतरलेल्या फायलीमुळे इन्स्टॉलर मध्येच अडकतो, आणि लोक लॅपटॉपला दोष देतात. रूफस या विंडोजमधल्या प्रोग्रॅमने, यूईएफआयसाठी जीपीटी हा पार्टिशनचा प्रकार निवडून, पेनड्राइव्ह बनवा. बूट मेनूसाठी डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, एसुसवर एस्केप. एसरवर एफ१२ चा मेनू आधी बायोसमध्ये चालू करावा लागतो.

लगेच इन्स्टॉल दाबू नका. लाइव्ह डेस्कटॉपवर वायफाय, आवाज, टचपॅड आणि झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का, हे तपासा. वायफाय चालत नसेल तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा. ड्रायव्हर नंतर ड्रायव्हर मॅनेजरमधून मिळतो.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बहुतेक वेळा बायोसमध्ये ती इंटेल आरएसटी किंवा रेड (आरएआयडी) या डिस्क हाताळण्याच्या मोडवर असते. ती एएचसीआय या साध्या मोडवर आणायची, पण सरळ बदललीत तर विंडोज बूट होणार नाही. आधी सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये सेफ बूटवर खूण करा, रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, एएचसीआय निवडा. विंडोज सेफ मोडमध्ये उघडून नवा ड्रायव्हर घेतं. मग खूण काढून पुन्हा रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, खात्याचा पासवर्ड माहीत हवा.

प्रत्यक्ष इन्स्टॉल

इन्स्टॉल कसं करायचं असं विचारल्यावर 'समथिंग एल्स' हा पर्याय घ्या. 'इरेज डिस्क' म्हणजे विंडोजसकट सगळं साफ, त्याच्या आसपासही फिरकू नका. मोकळ्या जागेवर ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल साठवायची पद्धत) पार्टिशन करा, माउंट पॉइंट फक्त स्लॅश (/). वेगळं स्वॅप (रॅम कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) लागत नाही, स्वॅप फाइल आपोआप होते. विंडोजचं छोटं ईएफआय पार्टिशन (बूटच्या फायली असतात ते) तसंच वापरायचं. त्यासमोरच्या फॉरमॅटच्या चौकोनात खूण नाही ना, हे दोनदा पाहा.

मल्टिमीडिया कोडेकची (गाणी-व्हिडिओ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) खूण केली आणि सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी बायोसची सोय) चालू असेल तर इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगतो. रीस्टार्ट झाल्यावर निळ्या पडद्यावर 'एनरोल मॉक' (मशीनला नवी सही ओळखायला लावणारा पर्याय) निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. घाईत 'कंटिन्यू' दाबलं की एनव्हिडियासारखे बाहेरचे ड्रायव्हर लोड होत नाहीत, आणि त्याचं कारण शोधण्यात दिवस जातो.

नंतर दिसणाऱ्या तक्रारी

विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडलं तर घाबरू नका. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) ठेवतं आणि विंडोज त्यालाच भारतीय वेळ समजतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल या आज्ञेने लोकल आरटीसी (मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ) चालू केलं की भांडण मिटतं.

विंडोज अपडेटनंतर ग्रबचा मेनू गायब झाला तरी लिनक्स पुसलं गेलेलं नसतं, फक्त बूटचा क्रम बदललेला असतो. बायोसमध्ये जाऊन 'उबुंटू' नाव वर आणा. हो, मिंटची नोंदही तिथे उबुंटू याच नावाने असते. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने मात्र खरोखर अनेकांचं लिनक्स अडवलं होतं: जुने बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारे छोटे प्रोग्रॅम) नाकारण्याची यादी बदलली आणि 'एसबॅट' नावाची चूक दिसू लागली. तशी चूक आली तर सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून मिंट उघडा आणि सगळे अपडेट घ्या.

मराठी टायपिंगसाठी कीबोर्डच्या लेआउटमध्ये मराठी इनस्क्रिप्ट किंवा कगप (उच्चारानुसार टाइप करायचा लेआउट) जोडा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधल्या फायली त्या फॉन्टशिवाय अगम्य दिसतील. त्या विंडोजमध्ये असतानाच युनिकोडमध्ये बदलून घ्या.

मिंटमधला टाइमशिफ्ट हा बॅकअपचा प्रोग्रॅम पहिल्याच दिवशी चालू करा. तो सिस्टिम फायली जपतो. तुमच्या होम फोल्डरचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो.

लिनक्स काढून टाकायचं झालं तर यूईएफआय मशीनवर आधी बायोसमध्ये 'विंडोज बूट मॅनेजर' पहिल्या जागी आणा, विंडोज सरळ उघडतं याची खात्री करा, आणि मगच डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचं पार्टिशन पुसून सी वाढवा. उलट्या क्रमाने केलंत तर लॅपटॉप काळ्या पडद्यावर ग्रबच्या प्रॉम्प्टपाशी थांबतो.