हॅमॉकमध्ये दोरीवरून पाणी येतंय? बुटाची नाडी बांधा

पावसाळ्यात सह्याद्रीत हॅमॉक (दोन झाडांमध्ये टांगायची झोळी) टांगून झोपणाऱ्यांना हे ठाऊक असेल: वर ताडपत्री ताणून बांधलेली, एक थेंब गळत नाही, तरी पहाटे पाठ ओलीच. पाणी वरून येतच नाही. ते झाडाच्या बुंध्यावरून ओघळत झोळी झाडाला बांधणाऱ्या पट्ट्यावर येतं आणि उतार धरून थेट झोळीत शिरतं.

त्यावर उपाय म्हणजे जुन्या बुटाची सुती नाडी.

१. नाडीचे वीत-दीड वीत लांबीचे दोन तुकडे कापा.

२. दोन्हीकडच्या पट्ट्यांवर एकेक तुकडा गच्च बांधा. जागा महत्त्वाची: ताडपत्रीच्या कडेच्या आत, पण झोळीच्या अलीकडे. ताडपत्रीबाहेर बांधलात तर पुढचा पट्टा पुन्हा भिजणारच. पाणी पट्ट्याच्या खालच्या अंगाने वाहतं, म्हणून गाठ खाली आणा.

३. टोक मोकळं लोंबू द्या.

झोपण्याआधी बुंध्याजवळ पट्ट्यावर मगभर पाणी ओतून बघा. नाडीच्या टोकावरून टपटप सुरू झाली की काम झालं. नायलॉनची दोरीही चालते, पण सुती नाडी पाणी पटकन ओढून घेते. पट्ट्यात लोखंडी कडी असेल तर थोडं पाणी तिथेच गळतं. मुसळधार पावसात मात्र मी नुसत्या कडीच्या भरवशावर राहत नाही. ताडपत्रीखालून आडवी दोरी जात असेल, तर तिच्याही दोन्ही टोकांना, कडेच्या जरा आत, अशीच नाडी हवी.

आणि लोंबत्या टोकाखाली सॅक किंवा बूट ठेवू नका. मी ठेवले होते, सकाळी बुटांत तळं.