बंद पडलेला राउटर उघडून पुन्हा सुरू करताना

विदर्भातील खेड्यांत फर्मवेअर (राउटरचे अंगभूत सॉफ्टवेअर) अद्ययावत होत असतानाच वीज गेली, की राउटर निकामी होऊ शकतो. मात्र बूटलोडर (राउटर सुरू करणारा छोटा प्रोग्राम) शाबूत असेल तर राउटर टाकून देण्याचे कारण नाही. आधी झाकण न उघडता प्रयत्न करावा: टीपी-लिंकच्या अनेक मॉडेलांत संगणकाला १९२.१६८.०.६६ हा पत्ता देऊन, मॉडेलनुसार ठरलेल्या नावाची फर्मवेअर फाइल त्याच संगणकावरील टीएफटीपी (फाइल पाठवण्याची साधी पद्धत) सर्व्हरवर ठेवून, रीसेट बटण दाबून धरत राउटर सुरू करतात.

ते न जमल्यास वीजजोडणी काढूनच झाकण उघडावे. बोर्डावर सिरीयल जोडणीसाठी बहुधा चार छिद्रांची ओळ असते. त्यातील ग्राउंड मल्टिमीटरने शोधून ते यूएसबी-टीटीएल अडॅप्टरच्या (ही ओळ संगणकाच्या यूएसबीला जोडणारे साधन) ग्राउंडला, टीएक्स (पाठवणारी जोडणी) त्याच्या आरएक्सला (घेणारी जोडणी) आणि आरएक्स टीएक्सला जोडावे, व्हीसीसी (वीजपुरवठ्याची जोडणी) मात्र मोकळी ठेवावी. हा अडॅप्टर ३.३ व्होल्टचाच घ्यावा, कारण ५ व्होल्टने चिप जळू शकते. येथे काटकसर करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. संगणकावरील टर्मिनलचा (राउटरचे संदेश दाखवणारा प्रोग्राम) वेग बहुतेकदा ११५२०० बॉड असतो. राउटर सुरू करून अक्षरे उमटू लागताच बूट थांबवून, हार्डवेअर आवृत्ती तळाच्या लेबलवरून ताडून, त्याच आवृत्तीची फर्मवेअर फाइल टीएफटीपीने मागवावी. ती फ्लॅशमध्ये (राउटरच्या कायम स्मृतीत) लिहिली जात असताना राउटर व संगणक दोन्ही इन्व्हर्टरवर असावेत, आणि भारनियमनाची वेळ टाळावी.