पाच दात मोजा, सहावा पक्का

माझ्या मुलाची खालची दाढ किडली तेव्हा तो साडेआठ वर्षांचा होता. त्या दाढेवरचा काळा ठिपका मला दोन-तीन महिने आधीच दिसला होता. दुधाची दाढ आहे, पडेल आपोआप, असं धरून मी स्वस्थ राहिले. गार पाणी पिताना त्याला कळ यायला लागली, तेव्हा कुठे दवाखाना गाठला. डॉक्टरांनी लहान आरसा तोंडात धरून मला दाढ दाखवली आणि म्हणाल्या, "ही पडणारी नाही. ही पक्की आहे." कीड काढून सिमेंट भरलं, दाढ वाचली. पण त्या दिवशी कळलं की मला माझ्याच मुलाचे दात ओळखता येत नव्हते.

ही दाढ साधारण सहाव्या वर्षी येते आणि ती येताना कुठलाही दात पडत नाही. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, नुसत्या हिरडीतून ती वर येते, म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. दुधाचे दात एकूण २०, म्हणजे वर-खाली, उजवीकडे-डावीकडे पाच-पाच. समोरच्या दोन दातांच्या मधल्या फटीपासून मागे मोजत जा, पडलेल्या दाताची रिकामी जागाही धरा. सहावा दात दिसला की तो पक्का. त्याच्या चावायच्या बाजूला खोल खाचा असतात आणि ब्रशचा केस त्यांच्या तळाशी पोचत नाही. दाढ पूर्ण वर आल्यावर लवकरच डॉक्टर या खाचा सीलंटने, म्हणजे एका पातळ लेपाने, बुजवून देतात. दुखत नाही, टोचावं लागत नाही. हे मला दोन वर्षं आधी माहीत असायला हवं होतं.

तेव्हापासून आमच्याकडे दर रविवारी सगळ्यांची तोंडं बॅटरी लावून बघायची, असा नेम आहे. मुलाचं डोकं मांडीवर घ्यायचं, हात धुतलेले हवेत, आणि ओठ वर उचलून पाहायचं. हिरडीच्या कडेने खडूसारखी पांढुरकी रेघ दिसली तर ती किडीची पहिली पायरी असते. खड्डा पडलेला नसतो, म्हणून पेस्टमधलं फ्लोराइड आणि नीट घासणं यांनी ती तिथेच थांबू शकते. तपकिरी-काळा डाग किंवा खड्डा दिसला तर त्याच आठवड्यात दवाखाना. हिरडीवर पुळीसारखा फुगवटा असेल तर आत पू झालेला असतो. तो दुखत नसला तरी थांबायचं नाही. मोठ्यांच्या बाबतीत जीभ बाहेर काढून तिच्या दोन्ही कडा, जिभेखालची जागा आणि गालाची आतली बाजूही बघा. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, लाल किंवा पांढरा चट्टा डॉक्टरांना दाखवायलाच हवा. घरात कुणी तंबाखू खात किंवा ओढत असेल तर जास्तच.

आता घासण्याचं. भांडी घासणं आणि दात घासणं, दोन्हीला आपण एकच शब्द वापरतो आणि हातही तसाच चालवतो. जोराने आडवं घासल्याने हिरडी मागे सरते, दाताचं मूळ उघडं पडतं आणि मग दात आंबतात. ब्रश मऊ आणि लहान डोक्याचा घ्या. दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे तो तिरका टेकवा, म्हणजे निम्मे केस दातावर आणि निम्मे हिरडीच्या कडेवर येतील. दोन-दोन दात धरून जागच्या जागी हलकेच हलवत पुढे सरका. बाहेरची बाजू, आतली बाजू, चावायची बाजू, असं करत पूर्ण तोंडाला दोन मिनिटं लागतात. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू सगळ्यांकडूनच राहते आणि कीटण तिथेच साचून दगडासारखं घट्ट होतं. एकदा घट्ट झालं की कुठल्याही ब्रशने निघत नाही, ते डॉक्टरांकडूनच काढून घ्यावं लागतं.

पेस्टमध्ये फ्लोराइड किती आहे ते वेष्टणावर पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग) लिहिलेलं असतं. १००० ते १५०० च्या मधली घ्या. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. घासून झाल्यावर थुंकायचं, पण खळखळून चूळ भरायची नाही. मला हे अंगवळणी पडायला महिना लागला. पण चूळ भरली की ज्यासाठी पेस्ट लावली ते फ्लोराइडच धुऊन जातं. आणि सात-आठ वर्षांपर्यंत मुलाने स्वतः घासल्यावर पालकाने पुन्हा एकदा हात फिरवायचा. माझा मुलगा पाचव्या वर्षी "मी घासले" म्हणायचा आणि मी मान डोलवायचे.

दोन वेळांपैकी एकच जमणार असेल तर रात्रीची निवडा. झोपेत लाळ फार कमी सुटते. दिवसभर आम्ल धुऊन काढणारी आणि दाताला क्षार परत देणारी लाळच अपुरी असते, आणि दातांत अडकलेल्या अन्नावर जंतूंना सबंध रात्र मिळते. रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही नाही, दूधही नाही.

गोडाबद्दल मी पूर्वी चुकीचं मोजत होते. किती खाल्लं ते बघायचे, किती वेळा ते नाही. गोडाचा एक घास पोटात गेला तरी तोंडातले जंतू पुढे साधारण अर्धा तास आम्ल तयार करत राहतात. मुलगा अभ्यासाला बसला की शेजारी बिस्किटांचा पुडा असायचा, दर पंधरा मिनिटांनी एक. म्हणजे दुपारभर दातांना उसंत नाही. तीच बिस्किटं जेवणानंतर एकदम खाल्ली तर नुकसान पुष्कळ कमी. सरबत, थंड पेय घोटघोट पुरवून पिणं सगळ्यात वाईट. आंबट खाल्ल्यावर किंवा उलटी झाल्यावर लगेच ब्रश लावू नका. नुसत्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा-पाऊण तास थांबा, कारण त्या वेळी दाताचं वरचं कवच मऊ झालेलं असतं.

माझ्या जावेच्या बाळाला बाटली तोंडात धरून झोपायची सवय होती. दूध वरच्या पुढच्या दातांवर साचून राहतं आणि ते चारच दात आधी किडतात. तिने पहिला दात आल्यापासून बाटली झोपण्याआधी संपवून दात पुसायला सुरुवात केली. थोडे दिवस रडारड झाली, पण सुटली सवय.

नवऱ्याच्या हिरड्यांतून रक्त यायचं, म्हणून तो ती बाजू घासायचंच टाळायचा. करायचं नेमकं उलट असतं. कडेला साचलेल्या कीटणामुळे हिरडी सुजते आणि रक्त येतं; मऊ ब्रशने रोज नीट घासलं, फटींतून फ्लॉस किंवा बारीक ब्रश फिरवला, तर आठ-पंधरा दिवसांत रक्त थांबायला लागतं. नाही थांबलं तर दाखवा. त्याला मधुमेह आहे. साखर वाढलेली असली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडलेल्या असल्या की साखर आटोक्यात यायला त्रास होतो, म्हणून तो दर सहा महिन्यांनी दात-हिरड्या तपासून घेतो.

सासूबाईंना खाली कवळी आहे, वर स्वतःचे सात दात. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची, गरम पाण्यात नाही, ती वाकते. पेस्टने चरे पडतात, म्हणून वेगळा ब्रश आणि सौम्य साबण. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं आणि कोरड्या तोंडात दात मुळाशी लवकर किडतात. "आई, तोंड सुकतंय का?" हे मी आता मुद्दाम विचारते, त्या आपणहून सांगत नाहीत.

एक गोष्ट पाठच करून ठेवा. पडल्यामुळे किंवा चेंडू लागून पक्का दात मुळासकट बाहेर आला, तर तो शेंड्याकडून, म्हणजे तोंडात दिसणाऱ्या भागाकडून धरा, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर दुधाने किंवा पाण्याने काही सेकंद धुवा, घासू नका. जमलं तर लगेच त्याच खाचेत बसवून रुमाल चावून धरायला सांगा. नाही जमलं तर दुधात बुडवून न्या. अर्ध्या तासात दवाखाना गाठला तर दात पुन्हा धरण्याची आशा चांगली असते. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताला इजा होते.

मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. बाराव्या वर्षाच्या सुमारास आणखी एक दाढ अशीच मागून, काही न पाडता येते. सध्या रविवारी बॅटरी धरून मी सातपर्यंत मोजते.